खाऊच्या पिशवीत काय घालावे?



दोन वर्षांपूर्वी लेंटच्या चाळीस दिवसांत शहरातील एका मंडळीच्या महिला मंडळाने साखर सोडली. चहा बिनसाखरेचा, गोडधोड बंद. वाचलेली साखर त्यांनी घरोघर डब्यात साठवली आणि ईस्टरनंतरच्या आठवड्यात ती एकत्र करून आमच्या दवाखान्याकडे पाठवली. चाळीस किलोची गोणी, सोबत एक सुंदर पत्र. ‘आमच्या वयात ही वस्तू बरी नव्हे. आपल्या पाड्यांवरील मुलांच्या तोंडी लागावी, ही इच्छा.’

मी ते पत्र दोनदा वाचले. त्या भगिनींचे मन फार मोठे होते यात शंका नाही. पण गोणी उचलून आत ठेवताना एक प्रश्न मनात आला, आणि तो काही केल्या जाईना. जी वस्तू शरीराला बरी नाही म्हणून आपण सोडतो, ती पाड्यावरच्या मुलाच्या शरीराला बरी कशी होते? रागाने विचारत नाही. मला खरोखरच उत्तर नीट मांडता येत नव्हते. यंदा पिशव्या भरण्याआधी आहारावर एक पाठ लिहा, असे संपादकांनी सांगितले, तेव्हा ठरवले की याच प्रश्नावर लिहावे.

ज्यांना आमचे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की मी परिचारिका आहे आणि पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात गेली एकोणीस वर्षे काम करते. आमच्या आसपास वारली, कोकणा, मा ठाकूर आणि कातकरी यांचे पाडे आहेत. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची बातमी साऱ्या महाराष्ट्राने वाचली. तेव्हापासून या भागाचे नाव निघाले की ‘कुपोषण’ हा शब्द मागोमाग येतो. आणि कुपोषण म्हटले की आपल्या मनात येते ती भूक, रिकामे ताट. पण आजचे कुपोषित मूल पुष्कळदा उपाशी नसते. त्याचे पोट भरलेले असते. कशाने भरलेले असते, हा या पाठाचा विषय.

आधी थोडे शास्त्र. रात्री जेवताना भाकरीचा एक घास तोंडात घ्या आणि गिळू नका. शांतपणे चावत राहा. मिनिटभरात तो गोड लागू लागेल. भाकरीत साखर घातलेली नसते, तरी ती गोड लागते, कारण भाकरीतील पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ असते आणि आपली लाळ ती माळ तोडू लागते. पुढे आतड्यात ती पूर्ण सुटते आणि ग्लुकोज होऊन रक्तात जाते. भात, भाकरी, बटाटा, रताळे, करांदे, गूळ, मध, साखर या सगळ्यांना मिळून शास्त्रात कर्बोदके म्हणतात. एक ग्रॅम कर्बोदकातून सुमारे चार कॅलरी मिळतात, मग ती साखरेतून येवोत की नागलीतून. आपला मेंदू मुख्यतः या ग्लुकोजवरच चालतो. मोठ्या माणसाच्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागते. म्हणून हल्ली शहरात ऐकू येणारे ‘कार्ब म्हणजे विष’ हे बोलणे मला पटत नाही. धान्य आपल्याकडे विष कधीच नव्हते.

फरक आहे तो वेगाचा आणि सोबतीचा. साखर चुलीत टाकलेल्या पाल्यासारखी असते, भडकन पेटते आणि लगेच विझते. भाकरी ऐनाच्या लाकडासारखी सावकाश जळते, कारण तिच्यातील पिष्टाभोवती तंतू असतात, कोंडा असतो. सोबतीचे म्हणाल तर धान्य एकटे येत नाही. त्यासोबत थोडी प्रथिने, लोह, कॅल्शियम, ब गटातील जीवनसत्त्वे येतात. साखर मात्र एकटीच येते, तिच्या पिशवीत चार कॅलरींखेरीज काही नाही. गिरणीत पांढराशुभ्र केलेला तांदूळ या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो, आणि खरे सांगायचे तर साखरेच्या जरा जास्तच जवळ.

आता आमच्या पाड्याचे ताट पाहा. मी इथे आले तेव्हा पावसाळा संपला की घराघरात नागली असायची, वरई असायची. डोंगरउतारावर नागली, खाचरात भात, बांधावर तूर, मध्येच उडीद, आणि तेलासाठी खुरासणी. पहिल्या पावसात शेवळे, लोत, कुर्डू, टाकळा अशा रानभाज्या, ओहोळात खेकडे आणि चिंबोऱ्या, हिवाळ्यात करांदे, उन्हाळ्यात मोहाची फुले. हे ताट श्रीमंत नव्हते आणि आषाढ-श्रावणात ते रिकामेही पडत असे. जुने दिवस सोन्याचे होते असे मी मुळीच म्हणत नाही. पण त्यात एकाच गोष्टीवर भार नव्हता.

आज रेशनवर धान्य मिळते, आणि ही मोठीच गोष्ट आहे. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. त्यामुळे चूल पेटते. मात्र ते मुख्यतः तांदूळ आणि गहू असते. उतारावरची नागली कमी झाली, कारण तिची लावणी, कापणी, मळणी म्हणजे नुसते कष्ट, आणि दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीवर निघून जातो. सकाळी कोरा चहा, साखर भरपूर घातलेला. दुपारी भात आणि मिरचीचे पाणी. मुलाने रडू नये म्हणून हातात पाच रुपयांचे पाकीट, गोड किंवा चटपटीत. रात्री पुन्हा भात. मोजायला बसलो तर कॅलरी अगदीच कमी नाहीत. पण त्या जवळजवळ सगळ्या पिष्ट आणि साखर यांतून आल्या. ज्यातून हाड, रक्त, मांस घडते ते ताटात आलेच नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

दरवर्षी नाताळात आम्ही पाड्यांवर खाऊच्या पिशव्या वाटतो. त्या आपण भरून पाठवता. पिशवीत काय असते हे आपल्याला ठाऊक आहे : ग्लुकोज बिस्किटांचे पुडे, गोळ्या, फरसाणाचे पाकीट, कधी शेवेचा लाडू. वर्षानुवर्षे मी त्या वाटल्या, मुलांबरोबर हसले, फोटो काढले. त्यांतले काही याच अंकात छापूनही आले असतील.

साखरेची गोणी आली त्याच्या पुढच्या जानेवारीची गोष्ट. पहाटे पाचच्या सुमारास मोटारसायकल दारात थांबली. शेजारच्या मुलाच्या मागे एक आजी बसली होती आणि गोधडीत गुंडाळलेली चौदा महिन्यांची नात तिच्या मांडीवर होती. आईबाप भट्टीवर गेले होते. आदल्या वर्षी भट्टीवर मोठे पोर फार आजारी पडले होते, म्हणून या वेळी धाकटीला आजीकडे ठेवले होते. मूल गार पडले होते, मान धरत नव्हते, पण डोळे उघडे होते. बोटाचे थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली तर ४१ आली. कुपोषित बालकात ती ५४ च्या खाली गेली की जिवाला धोका असतो. अशा मुलाच्या यकृतात साठाच नसतो, रात्रभर पोटात काही गेले नाही की पहाटेपर्यंत रक्तातली साखर संपते.

अशा वेळी काय करायचे हे आम्हाला शिकवलेले असते. मूल गिळू शकत असेल तर एक चमचा साखर सुमारे पन्नास मिलिलिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात विरघळवायची आणि थोडी थोडी पाजायची. मूल छातीशी धरून ऊब द्यायची. मी हातात सापडले ते भांडे घेतले आणि साखर काढली ती त्याच गोणीतून. अर्ध्या तासाने पोर रडले. दवाखान्यात रडण्याइतका गोड आवाज दुसरा नसतो. मग १०८ ला फोन केला.

गाडीची वाट पाहताना मी तिच्या दंडाला पट्टी लावली. घेर ११.२ सेंटिमीटर. ११.५ च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. मी आजीला जरा चढ्या आवाजातच विचारले, “आजी, हिला खायला काय देत होतात?”

“बिस्कीट. चहात बुडवून,” आजी म्हणाली. “दिवसाला पुडा संपवते.”

“नुसतं बिस्कीट?”

“तुम्हीच दिलं होतं ना, सिस्टर. पिशवीतलं संपल्यावर दुकानातून आणलं, तसलंच. म्हटलं, दवाखान्यानं दिलं म्हणजे ताकदीचं असेल.”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आजीने नातीची हेळसांड केली नव्हती. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि हातात होते-नव्हते ते पैसे त्या विश्वासापायी दुकानात घातले होते.

तेव्हा पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे मी पहिल्यांदा चष्मा लावून वाचली. साध्या ग्लुकोज बिस्किटात साधारण चौथा हिस्सा साखर असते. उरलेला बहुतेक मैदा आणि तेल. प्रथिने शंभर ग्रॅमला सहा-सात ग्रॅमच्या आसपास. ‘ग्लुकोज’ हा शब्द वाचून औषधाची आठवण येते, पण ते केवळ नाव आहे. वर ते चहात बुडवलेले. चहातील कषाय द्रव्ये अन्नातील लोह शोषू देत नाहीत आणि चहाने भूकही मरते. बिस्कीट एखाद्या वेळी खाल्ले म्हणून कोणाचे वाईट होत नाही. ते जेवणाच्या जागी बसले की वाईट होते.

इथे लहान मुलाच्या पोटाचे गणित समजून घ्या, कारण सगळी मेख त्यात आहे. मुलाच्या जठरात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे अंदाजे तीस मिलिलिटर मावते. आठ किलोच्या मुलाच्या पोटात म्हणजे २४० मिलिलिटर, एक मोठा पेला. त्या पेल्यात तुम्ही साखरेचा चहा भरा, तांदळाची पातळ पेज भरा, नाहीतर डाळ-तेल घातलेली नागलीची खीर भरा. पेला एकदा भरला की भरला. मोठ्या माणसाला जे ‘थोडे चाळवले’ वाटते ते मुलाचे अख्खे जेवण असते.

मग पेज घट्ट करावी, तर ती मुलाला गिळता येत नाही, आणि पातळ करावी तर तिच्यात नुसते पाणी. यावर तोड आमच्या म्हाताऱ्या बायकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणायचे, वाळवायची, चोळून मोड काढायचे आणि दळायचे. धान्याला मोड येताना त्यात एक पाचक रस तयार होतो. तोच, जो आपल्या लाळेत असतो आणि पिष्टाची माळ तोडतो. घट्ट शिजवलेल्या गरम पेजेत हे पीठ चमचाभर घालून ढवळा, बघता बघता पेज सैल होते. पीठ तेवढेच राहते, पण गिळता येते. बडोद्याच्या विद्यापीठात प्राध्यापक तारा गोपालदास यांनी ऐंशीच्या दशकात या मोडाच्या पिठावर पद्धतशीर संशोधन केले आणि लहान मुले त्यामुळे जास्त अन्न घेऊ शकतात हे दाखवले. मोड आणल्याने धान्यातील लोह शोषले जाण्यातला अडथळाही कमी होतो. ही पेज चुलीवर पुन्हा एक उकळी काढूनच मुलाला द्यावी, कारण मोडाच्या पिठात जंतू वाढायला वेळ लागत नाही.

नागलीच का, असे कोणी विचारले तर एकच आकडा देते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात शंभर ग्रॅम नागलीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, पांढऱ्या तांदळात आठसुद्धा नाही. मात्र नागलीही एकटी पुरत नाही. धान्याच्या प्रथिनांत जे उणे असते ते डाळीत असते, आणि डाळीत जे उणे ते धान्यात. म्हणून पेजेत मूठभर उडीद किंवा तूर हवी. वरून चमचाभर तेल किंवा दाण्याचा कूट. तेलाच्या एका लहान चमच्यात चाळीस-पंचेचाळीस कॅलरी असतात आणि जागा मात्र चमचाभरच. अंडे मिळाले तर सोन्याहून पिवळे. अंगणवाडीतून अंडी मिळतात, ती घरी नेऊन सगळ्यांत वाटली जातात, हा वेगळा विषय.

तर मग साखर वाईटच का? नाही. मी त्या पहाटे तिच्याच आधारावर उभी होते. आणि दुसरे उदाहरण तर जगाला ठाऊक आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपातून लोकांना प्यायला दिले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. मीठ एकटे आतड्यातून नीट आत जात नाही, ग्लुकोज त्याला हात धरून आत नेते आणि मागोमाग पाणी जाते. आजही पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे आम्ही पाड्यावरच्या प्रत्येक आईकडून पाठ करून घेतो. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव यायला हवे असे मला नेहमी वाटते.

साखर ही अशी प्रसंगाला धावून येणारी वस्तू आहे. रोजच्या ताटात तिला किती जागा द्यावी, याचेही माप ठरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम. मोठ्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, पाच-सहा लहान चमचे. गूळ आणि मध यांची गणतीही यातच होते, हे ऐकून पुष्कळ भगिनी माझ्यावर नाराज होतात. गुळात थोडे लोह असते हे खरे, पण तेवढ्यावर त्याला सूट मिळत नाही. दोन वर्षांखालील मुलाच्या खाण्यात तर वरून साखर घालूच नये.

शहरातल्या वाचकांनी हे माप स्वतःलाही लावून पाहावे. माझ्या ओळखीच्या एक बाई वजनासाठी पोळी आणि भात सोडून बसल्या आहेत. चहा मात्र दिवसातून चार वेळा, दर कपात दोन चमचे साखर. चाळीस ग्रॅम तिथेच झाली. ज्वारीची भाकरी बिचारी उगाच घराबाहेर गेली.

ती मुलगी चौदा दिवस सरकारी रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात राहिली. तिथे पहिले काही दिवस जे दूध देतात त्यात प्रथिने मुद्दाम कमी ठेवलेली असतात, कारण खंगलेल्या शरीराला एकदम भारी अन्न सोसत नाही. आईला भट्टीवरून बोलावून घेतले. तिचा रोज बुडाला, मुकादमाची उचल अंगावर राहिली. बरे करण्याचा खर्च कोण भरते हेही आपण लक्षात ठेवावे. घरी आल्यावर आजीने मोडाच्या पिठाचे काम अंगावर घेतले. आता ती पाड्यातल्या इतर बायकांना माझ्यापेक्षा चांगले शिकवते, कारण ती बिस्किटाची गोष्टही सांगते, आणि त्यात माझे नाव घ्यायला विसरत नाही.

आता पिशवीकडे येते. आपण पिशव्या पाठवणे थांबवू नका, एवढीच विनंती आधी करते. पण बिस्किटांच्या जागी भाजलेले शेंगदाणे अर्धा किलो घाला. फुटाणे घाला. एक किलो तूर किंवा मसूर डाळ, अर्धा लिटर तेल. सुकट पाठवता आली तर पाड्यावर दिवाळी होईल. सणाला मुलांच्या तोंडी काही गोड पडायलाच हवे, त्यात मी कंजूषपणा करणार नाही : प्रत्येक मुलाला शेंगदाण्याच्या चिक्कीच्या दोन वड्या आणि केकचा एक तुकडा, तो आम्ही इथेच कापून हातात देऊ, म्हणजे त्याचा पुडा होऊन घरी जाणार नाही. नागली मात्र आपण पाठवू नका. तिचे पैसे पाठवा. ती आम्ही इथल्याच शेतकऱ्यांकडून घेऊ, म्हणजे उतारावर पुढच्या वर्षीही तिची लावणी होईल.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याला कदाचित रुचणार नाही. डिसेंबरात पाड्यावर फक्त म्हातारी माणसे आणि थोडी मुले उरलेली असतात, बाकीचे भट्टीवर असतात. पिशवी खरी हवी असते ती आषाढात. घरातले धान्य संपलेले, नवे शेतात कोवळे, रस्ते चिखलात, आणि मुलांना जुलाब. नाताळाची पिशवी लहान करा आणि उरलेले जुलैसाठी राखून ठेवा. फोटो तितकेसे चांगले येणार नाहीत, पावसात उजेड नसतो.

साखर यंदा नको. गोणीत अजून सहा किलो आहे, आणि दवाखान्याला वर्षाला दोन पुरते.